ढेपेच्या पोत्यापेक्षा भरडा चक्की बरी : एका दुकानाचा दीड वर्षाचा अनुभव

वर्धा जिल्ह्यात आर्वी ते कारंजा (घाडगे) या पट्ट्यात जनावराला खुराक देणे म्हणजे सरकीची ढेप (कापसाच्या बियांतून तेल काढल्यावर उरणारा चोथा) देणे, ही समजूत इतकी मुरलेली आहे की पशुखाद्याच्या कोणत्याही दुकानाला लोक ढेपेचे दुकान म्हणतात. ज्या दुकानाविषयी मी लिहीत आहे, त्याच्या पाटीवर पशुआहार, बियाणे, फवारणीची औषधे असे बरेच काही रंगवलेले आहे. गावाच्या तोंडी मात्र मालक ढेपवालाच. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्यांतल्या एकीत माझे एक जनावर गेले आहे. त्या चुकीत माझाही वाटा असल्यामुळे ती एकट्या दुकानदाराच्या नावावर मांडणे मला योग्य वाटत नाही. या दुकानाने दीड वर्षापूर्वी भरडा चक्की आणि मिक्सर बसवला आणि ग्राहक सांगेल त्या प्रमाणात खुराक दळून, मिसळून देण्यास सुरुवात केली. हे परीक्षण त्या सेवेचे आहे.

आमची शेती साडेचार एकर आहे. त्यात कापूस, तूर आणि सोयाबीन होते, आणि विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत चाऱ्यासाठी संकरित नेपिअर व दशरथ घास लावलेला आहे. कोठ्यात एक संकरित जर्सी गाय, दोन गवळाऊ गाई, एक बैलजोडी, अकरा बेरारी बकऱ्या आणि तेव्हा दोन बोकड होते. गवळाऊ ही आमच्याच भागातली, नंदगवळी समाजाने जोपासलेली जात आहे. ती दूध बेताचे देते, पण तिचे गोऱ्हे कामाला चपळ निघतात, आणि पऱ्हाटीत (कपाशीत) डवरा (कोळपे) चालवायला आजही मला त्याच बैलांचा भरवसा वाटतो. एवढे तपशील देण्याचे कारण असे की खुराकाची सेवा चांगली की वाईट हे कोठ्यात कोण बांधले आहे यावर ठरते. दहा संकरित गाई बाळगणाऱ्याचे गणित निराळे निघेल.

पूर्वी आम्ही दर महिन्याला ढेपेची पोती आणत होतो आणि रात्री भिजवलेली ढेप सकाळी आंबोण म्हणून गाईपुढे ठेवत होतो. बाबांच्या काळापासून हेच चालले होते. ढेपेचा भाव वाढला की पसाभर कमी आणि उतरला की पसाभर जास्त, एवढाच काय तो आमचा आहारशास्त्राशी संबंध. त्यातच ढेपेचा भाव आपल्या हाती मुळीच नसतो. वायदे बाजारात तो अकोला हे केंद्र धरून निघतो, जिनिंग बंद झाल्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी हमखास चढतो, आणि ज्या शेतकऱ्याची सरकी दिवाळीनंतर जिनात गेली तोच जून महिन्यात तिची ढेप चढ्या दराने विकत घेतो.

मिक्सर बसल्यावर मी पहिल्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ढेप आपण किलोवर घेतो, पण गाईला त्यातून मुख्यतः प्रथिने हवी असतात. म्हणून भाव प्रथिनांच्या किलोवर काढून पाहिला पाहिजे. टरफलासकट गाळलेल्या सरकीच्या ढेपेत साधारण २२ टक्के प्रथिने असतात. त्या आठवड्यात ती ३४ रुपये किलो होती, म्हणजे एक किलो प्रथिनांना १५४ रुपये पडत होते. सोयाबीनची ढेप, जिला व्यापारी डीओसी म्हणतात, ४२ रुपये किलो होती. पण तिच्यात ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असल्याने तेच एक किलो प्रथिने ९३ रुपयांत मिळत होते. सोयाबीन पिकवणाऱ्या आमच्या तालुक्यात ही ढेप महाग म्हणून कोणी घेत नाही, हे त्या दिवशी मला फार विचित्र वाटले. अर्थात हिशेब इथेच संपत नाही. सोयाबीनच्या डीओसीत तेल जवळजवळ उरलेले नसते, तर सरकीच्या ढेपेत थोडे राहिलेले असते. शिवाय नुसत्या प्रथिनांनी दूध होत नाही. ऊर्जेसाठी मका किंवा ज्वारीसारखे धान्यही लागते, आणि ढेपेवर वाढलेल्या आमच्या गाईंना नेमके तेच मिळत नव्हते.

शेवटी दुकानदाराशी बोलून गाईंसाठी जे मिश्रण ठरले त्याचे प्रमाण एका क्विंटलला असे होते : मक्याचा भरडा ३० किलो, सरकीची ढेप २०, सोयाबीनची डीओसी १७, तुरीची चुनी (डाळ करताना उरणारा चुरा) १५, गव्हाचा चोकर (कोंडा) १५, खनिज मिश्रण २ आणि मीठ १. प्रथिने जुळवून पाहिली तर ती १९ टक्क्यांच्या थोडी वर येतात. दळण आणि मिसळण्याची मजुरी किलोला दोन रुपये धरून क्विंटलचा खर्च ३,३२४ रुपये आला. त्याच दिवशी नुसत्या सरकीच्या ढेपेचा क्विंटल ३,४०० रुपयांना होता. म्हणजे खनिजे, मीठ, धान्य आणि मजुरी यांसकट पूर्ण खुराक नुसत्या ढेपेहून स्वस्त पडला. भाव बदलतात, तसा हा फरकही बदलतो. मागील हिवाळ्यात नवी ढेप बाजारात आली तेव्हा दोन महिने मिश्रणच महाग पडत होते. तरीही मी परत नुसत्या ढेपेकडे वळलो नाही.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. दुकानाच्या मागच्या शेडमध्ये विजेवर चालणारी भरडा चक्की आहे आणि तिच्या शेजारी आडवा मिक्सर आहे, ज्यात एका वेळी एक क्विंटल माल बसतो. घरचा मका, पावसात भिजून काळी पडलेली पण बुरशी नसलेली ज्वारी किंवा डाळमिलवरून आणलेली चुनी आपण नेली तर ती वजन करून घेतात आणि फक्त उरलेल्या मालाचे व मजुरीचे पैसे लावतात. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने मला हा या सेवेचा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण कंपनीच्या तयार खाद्यात आपल्या घरच्या मक्याला जागाच नसते. चक्कीला दोन चाळण्या आहेत. न सांगितल्यास बारीक चाळणी लावून पिठासारखा माल काढतात, कारण तो दिसायला एकजीव दिसतो. परंतु रवंथ करणाऱ्या जनावराला भरड माल मानवतो, आणि पीठ बकऱ्यांच्या नाकात जाऊन त्या शिंकत राहतात व निम्मा खुराक फुंकरीनेच उडवतात. मोठी चाळणी लावा, असे दर खेपेला आठवणीने सांगावे लागते.

चक्कीच्या तोंडाशी, जिथून धान्य आत उतरते, तिथे एक जाडजूड लोहचुंबक बसवलेले आहे. एकदा सायंकाळी दुकान आवरताना मालक ते फडक्याने पुसत असताना मी पाहिले. फडक्यावर दोन आखूड खिळे, पोते शिवायच्या सुईचे मोडके टोक, तारेचा बोटभर तुकडा आणि बऱ्याचशा स्टेपलच्या पिना होत्या, आणि हे सारे एका दिवसाच्या दळणातून निघालेले होते. गाय चारा निवडून खात नाही. जिभेने ओढून गिळते. असा खिळा किंवा तार पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकते आणि तिथून हृदयापर्यंतही टोचत जाऊ शकते. आमच्या गावात अशा रीतीने गेलेल्या गाई लोकांनी नजर लागली म्हणून सोडून दिल्या आहेत. ज्या दुकानात चक्की आहे पण चुंबक नाही, तिथे माल दळायला नेऊ नये, इतके माझे मत त्या फडक्याने पक्के केले.

जर्सी गाय तेव्हा आठ लिटरच्या आसपास दूध देत होती. तिला शरीर राखण्यासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, असा पावणेपाच किलो खुराक दोन वेळांत विभागून सुरू केला. एकदम बदल न करता दहा दिवसांत हळूहळू जुनी ढेप कमी आणि नवे मिश्रण जास्त करत नेले; पोटातल्या जिवाणूंना नव्या खुराकाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. पोळ्याला बैलांपुढे प्रेमाने पायलीभर शिजवलेले धान्य ठेवून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे धावणारे लोक दरवर्षी दिसतात, त्यांच्या बाबतीत हीच गोष्ट घडते. महिन्याभरात दूध लिटरभराने वाढले. त्याचे सगळे श्रेय मी मिश्रणाला देणार नाही, कारण त्याच सुमारास नेपिअरची पहिली कापणीही आली होती. गवळाऊ गाईच्या दुधात फारसा फरक पडला नाही आणि पडेल अशी अपेक्षाही नव्हती. मात्र वर्षभर न फिरलेली दुसरी गवळाऊ खनिज मिश्रण सुरू केल्यावर तिसऱ्या महिन्यात माजावर आली आणि आता ती गाभण आहे.

एका महिन्यात मी हिशेबाच्या भरात सरकीची ढेप पूर्ण काढून तिच्या जागी डीओसी वाढवून पाहिली. डेअरीत फॅट दोन पॉइंटने उतरले. ढेप दिल्याने फॅट चढते, हे जुन्या लोकांचे म्हणणे मी थोडे हसण्यावारी नेले होते. त्यात तथ्य आहे, कारण ढेपेत राहिलेले तेल आणि टरफलाचा तंतू या दोन्ही गोष्टी फॅटला उपयोगी पडतात. म्हणून ढेप २० किलोच्या खाली नेऊ नये, असे माझे आजचे मत आहे. बाबांना हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसते हसले.

आता तक्रारी. पहिली किरकोळ आहे पण वारंवार घडते. तिसऱ्या खेपेचे पोते संपत आले तेव्हा तळाशी पांढरट भुकटीचा थर सापडला. चाखून पाहिला तर खारट लागला. खनिज मिश्रण आणि मीठ मालात नीट मिसळलेच नव्हते, म्हणजे पंधरा दिवस गाईला त्यांतले थोडेच मिळाले आणि शेवटच्या दोन दिवसांत सारे एकदम मिळाले असते. गर्दीच्या दिवशी मिक्सर दोन मिनिटांत थांबवतात, हे त्याचे कारण. त्यावर उपाय सोपा आहे : खनिज आणि मीठ आधी पाच किलो मक्याच्या भरड्यात हाताने मिसळून घ्यावे, तो माल मग मिक्सरमध्ये मधोमध टाकावा आणि यंत्र किमान दहा मिनिटे फिरू द्यावे. मी आता बाजाराच्या दिवशी जातच नाही, आणि मिक्सर फिरत असताना तिथेच उभा राहतो. पैसे मोजून सेवा घेणाऱ्याने पहारा का करावा, हा प्रश्न रास्त आहे. मालकाला तो मी विचारलाही आहे. कंपनीच्या पोत्यावर प्रथिने, स्निग्धांश, तंतू यांचे आकडे छापलेले असतात, सुट्या मिश्रणावर काहीच नसते. जबाबदारी आपोआप घेणाऱ्याकडे येते. एकदा मी स्वखर्चाने नमुना तपासून घेतला तेव्हा प्रथिने १८ टक्क्यांच्या थोडी वर निघाली, म्हणजे माझ्या हिशेबापेक्षा टक्काभर कमी. एवढा फरक चुनी आणि चोकराच्या प्रतीमुळेही पडू शकतो, म्हणून मी ते खोटेपण मानत नाही.

दुसरी तक्रार पावसाळ्याची. जुलै महिन्यात आणलेल्या एका पोत्यात हात घातला तर आतून ऊब लागली, आणि तळाशी हिरवट-निळसर बुरशीचे ढेकूळ निघाले. पोते दुकानाच्या गोदामात भिंतीला टेकून ठेवलेले होते आणि त्या भिंतीला ओल होती. मालक आधी म्हणाला, "भाऊ, तेवढं खालचं काढून फेका, वरचं चांगलं हाये." मी ऐकले नाही, तेव्हा त्याने कुरकुरत का होईना पोते बदलून दिले. या बाबतीत ढिलाई चालत नाही. सरकी, मका आणि शेंगदाणा यांच्यावर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. दिसणारी बुरशी काढून टाकली तरी ते विष मालात राहते, उन्हात वाळवल्याने किंवा शिजवल्याने ते पुरते जात नाही, आणि गाईच्या पोटातून त्याचा काही अंश दुधात उतरतो. दुधात ते किलोमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा आपल्या देशातला नियम आहे. यावरून ते किती जालीम असेल याची कल्पना यावी. घरातले लहान मूल तेच दूध पिते. तेव्हापासून पावसाळ्यात मी पंधरा दिवसांपुरताच माल आणतो, पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवतो, आणि प्रत्येक पोत्याच्या तळाशी हात घालून पाहतो. दुकानदारानेही नंतर गोदामात फळ्या टाकल्या. भिंतीची ओल अजून तशीच आहे.

तिसरी गोष्ट बोकडाची. दोन्ही बोकड ईदच्या बाजारासाठी राखून ठेवले होते. बकऱ्यांसाठी वेगळे मिश्रण करावे का, असे विचारले तेव्हा मालक म्हणाला, "बकरीलेही हेच चालते, भाऊ. वरून मूठभर चोकर टाका, लवकर भरन." मला ते पटले, कारण मलाही बोकड लवकर भरायला हवे होते. तीन महिने त्यांना रोज चारशे ग्रॅम गाईचा खुराक आणि वर चोकर मिळाला. थंडीच्या दिवसांत ती जनावरे पाणी कमी पीत होती, तेही आमच्या ध्यानात आले नाही. बकऱ्यांचे सारे माझी पत्नी पाहते. एके सकाळी तिने मला हाक मारली. मोठा बोकड पाठीची कमान करून, शेपटी हलवत, कुंथत उभा होता. लघवी होत नव्हती, थेंब थेंब पडत होते, आणि पोटाखालच्या केसांवर वाळूसारखे कण चिकटलेले होते. तिने ते चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवले. ते साखरेच्या दाण्यांसारखे खरबरीत होते.

मूतखडा झाला होता. डॉक्टरांनी लिंगाच्या टोकाशी असणारी दोऱ्यासारखी बारीक नळी कापली, कारण खडा बहुधा तिथेच अडकतो. दोन दिवस लघवी सुटली, मग पुन्हा वर कुठेतरी अडकली आणि तिसऱ्या दिवशी बोकड दगावला. चौदा हजारांपर्यंत गिऱ्हाईक बोलून गेले होते. डॉक्टरांनी समजावून सांगितलेले कारण असे : गव्हाच्या चोकरात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, जवळजवळ एक टक्का असते, आणि कॅल्शिअम त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेच. मका आणि ढेप यांतही स्फुरदच जास्त. खुराकात कॅल्शिअम स्फुरदाच्या दुप्पट असावे, ते इथे उलटे झाले, जादा स्फुरद लघवीत उतरले आणि कमी पाण्यामुळे त्याचे खडे बनले. बकरीला याचा त्रास सहसा होत नाही, कारण मादीचा लघवीचा मार्ग रुंद असतो. नराचा अरुंद आणि वळणावळणाचा असतो, आणि बोकड दोन-अडीच महिन्यांचा असतानाच खच्ची केला तर तो आणखी अरुंद राहतो. आम्ही दोन्ही बोकड दोन महिन्यांचे असताना खच्ची केले होते.

यात दुकानदाराची चूक कोणती? त्याने विकण्याच्या घाईत एकाच मिश्रणाला सगळ्या जनावरांचे औषध बनवले. माझी चूक अशी की गाईला काय लागते याचा हिशेब कागदावर मांडणाऱ्या मी बकरीला लहान गाय समजलो. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी हे सगळे सांगितले. नुकसानभरपाईची भाषा केली नाही, आणि त्यानेही काढली नाही. मात्र त्याने बकऱ्यांचे वेगळे प्रमाण माझ्याकडून लिहून घेतले आणि ते आता चक्कीजवळच्या भिंतीवर खडूने लिहिलेले आहे : मका ४०, तुरीची चुनी २५, सोयाबीनची डीओसी १२, सरकीची ढेप १०, चोकर १०, खनिज मिश्रण १, चुनखडीची भुकटी १, मीठ १. दुभत्या आणि शेवटच्या दीड महिन्यातल्या गाभण बकरीला याचे पाव किलो, बाकीच्यांना शंभर-दीडशे ग्रॅम पुरते. तीन महिन्यांच्या आतल्या करडांना ढेप असलेला कोणताही खुराक देऊ नये, कारण सरकीतले गॉसिपॉल नावाचे द्रव्य मोठ्या जनावराच्या रवंथी पोटात बरेचसे बांधले जाते, करडाचे किंवा वासराचे ते पोट मात्र अजून तयार झालेले नसते. खडा होऊ नये म्हणून खुराकात नवसागर (अमोनियम क्लोराइड) घालण्याची पद्धत आहे; तो किती आणि किती दिवस घालायचा हे डॉक्टरांनाच विचारावे. उरलेल्या बोकडाला आम्ही चोकर बंद करून दशरथ घास आणि सुबाभळीच्या फांद्या वाढवल्या, पाण्यात चिमूटभर मीठ टाकून ते कोमट करून ठेवले, आणि तो ईदला व्यवस्थित विकला गेला.

इतके होऊनही मी याच दुकानात का जातो, हे सांगितले पाहिजे. मधल्या काळात मी दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडून ढेप घेऊन पाहिली. क्विंटलमागे तीनशे रुपये स्वस्त होती. तिचा वास मला वेगळा वाटला. प्रथिने मोजताना प्रयोगशाळेत मालातला नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. म्हणून ४६ टक्के नत्र असलेला एक किलो युरिया ढेपेत मिसळला की कागदावर पावणेतीन किलोंहून जास्त प्रथिने वाढल्यासारखी दिसतात. हे घरच्या घरी पकडता येते. ढेपेचा नमुना कोमट पाण्यात कालवून गाळावा, त्यात कच्च्या सोयाबीनचे किंवा तुरीचे पीठ टाकून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे आणि लाल लिटमस कागद बुडवावा. युरिया असेल तर कच्च्या सोयाबीनमधील युरिएज त्याचा अमोनिया करते आणि कागद निळा होतो. दुधातला युरिया तपासण्याची रीतही हीच आहे. माझा कागद निळा झाला. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला थोडा युरिया पचतो हे खरे, परंतु किती घातला आहे हे ठाऊक नसताना आणि कोठ्यात कुणी गाईला मूठभर कच्चे सोयाबीन टाकत असताना तो खेळ जिवावर येऊ शकतो. ती पोती मी परत केली. आमच्या दुकानातल्या ढेपेवर हीच तपासणी मी चार वेळा केली आहे. कागद एकदाही रंगला नाही. कधीकधी वाळूचा कण जास्त वाटतो, पण पाण्यात टाकल्यावर तळाशी चिमूटभरच बसतो.

उधारीचा विषयही टाळता येत नाही. येथे बहुतेक लोक खुराक उधारीवर नेतात आणि कापूस विकला की फेडतात. मालक त्यावर व्याज लावत नाही, पण रोखीच्या गिऱ्हाइकाला क्विंटलमागे शंभर रुपये कमी लावतो, म्हणजे व्याज कुठे लपले आहे ते कळतेच. यापेक्षा मोठी अडचण अशी की ज्याची उधारी आहे तो माणूस ओले पोते परत करायला कचरतो. माझी उधारी नव्हती म्हणून जुलैत मी पोते बदलून घेऊ शकलो. वजनकाटा इलेक्ट्रॉनिक आणि चोख आहे, मालक बोलायला सरळ आहे, आणि वीज गेली तर आपला माल दुसऱ्या दिवसावर जातो, हेही ओघात नोंदवून ठेवतो.

या दुकानाच्या आवाक्याबाहेरची एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे कुटार, मळणीनंतर उरणारा भुसा. आमच्या भागात ज्वारी कमी होऊन सोयाबीन वाढले तसा कडबाही गेला, आणि गव्हाणीत उरले सोयाबीनचे कुटार, जे टणक, टोचरे आणि पचायला जड असते. पोटाचा मुख्य भार चाऱ्यावर असतो. चारा निकृष्ट असेल तर उत्तम मिश्रणही अर्धे वाया जाते. आम्ही सोयाबीनचे कुटार एकूण कोरड्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त ठेवत नाही, त्यावर मिठाचे पाणी शिंपडून ते मऊ करतो, आणि उरलेला वाटा तुरीचे कुटार, शेजारच्या गावातून विकत आणलेला कडबा आणि हिवाळ्यात गव्हांडा (गव्हाचे काड) यांतून भरतो. गव्हांडा आणि कडबा युरियाच्या पाण्याने मुरवता येतो : शंभर किलो चाऱ्याला चार किलो युरिया चाळीस लिटर पाण्यात विरघळवून थर देत शिंपडायचा, घट्ट दाबून ताडपत्रीने झाकायचा आणि एकवीस दिवसांनी उघडून वास जाईपर्यंत पसरून मग द्यायचा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना आणि करडांना तो चालत नाही. मालकाला मी सुचवले होते की त्याने मिक्सरच्या जोडीला कडबा कुट्टी यंत्रही बसवावे, कारण कुट्टी केलेला चारा गव्हाणीत कमी उरतो आणि प्रत्येकाला स्वतःचे यंत्र घेणे परवडत नाही. त्याने जागा दाखवली; शेडच्या कोपऱ्यात सध्या खताची पोती ठेवलेली आहेत.

मागील आठवड्यात गाईंचे दीड क्विंटल आणि बकऱ्यांचे पन्नास किलो करून आणले. माझ्या पुढे एक म्हातारी बाई होती, घरच्या मक्याचे अर्धे पोते डोक्यावर घेऊन आलेली. तिला तीन बकऱ्यांसाठी पंचवीस किलो हवे होते. क्विंटलपेक्षा कमी माल मिक्सरमध्ये नीट फिरत नाही म्हणून मालक तिला नाही म्हणत होता. मी माझे पन्नास आणि तिचे पंचवीस एकत्र करून घ्या, असे सुचवले. पाऊण क्विंटलला तो तयार झाला. त्याने भिंतीवरचे प्रमाण वाचून तिच्या मक्याचे वजन केले, चोकर मापाला एक किलो जास्त पडला होता तो परत काढला आणि यंत्र सुरू केले. आम्ही दोघेही दहा मिनिटे तिथेच उभे राहिलो.